पीसीआर पॉझिटिव्ह, तरी पान करपलं: बार जनुकाच्या लिंबूवर्गीय रोपांवरची तणनाशक चाचणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅरिझो सिट्रेंज (मोसंबी आणि पॉन्सिरस यांच्या संकराचा खुंट) आणि व्हॅलेन्सिया मोसंबीच्या रोपांत ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूमार्फत बार हे ग्लुफोसिनेट तणनाशक सहन करायला लावणारं जनुक घातलं आहे. ग्लुफोसिनेटचं द्रावण पानांना लावल्यावर पीसीआरमध्ये (डीएनएतलं जनुक शोधणाऱ्या चाचणीत) पॉझिटिव्ह आलेल्या काही रोपांची पानं करपली आणि जनुक नसलेल्या काही साध्या रोपांची पानं मात्र टिकली. मग जनुक काम करतंय की नाही, मात्रा किती घ्यायची आणि निकाल कसा वाचायचा?

थेट उत्तर आधी देतो. एकाच मात्रेला पान जगलं की मेलं, एवढ्यावरून लिंबूवर्गीय झाडात काहीच ठरत नाही. तुमच्याच जातीच्या, त्याच वयाच्या, त्याच खुंटावरच्या साध्या रोपांवर आधी मात्रांची पूर्ण मालिका चालवा. ती हातात नसेल तर जनुक असलेलं पान करपलं काय आणि टिकलं काय, दोन्हींचा अर्थ लागत नाही. तंबाखूसारख्या मऊ पानाच्या पिकात पटकन उरकणारी ही चाचणी इथे फसते, आणि त्याची बरीचशी कारणं पानाच्या रचनेतच आहेत.

ग्लुफोसिनेट, म्हणजेच फॉस्फिनोथ्रिसिन (पुढे पीपीटी म्हणतो), ग्लुटामाइन सिंथेटेज हे विकर बंद पाडतं. हे विकर पेशीतला अमोनिया ग्लुटामेटला जोडून ग्लुटामाइन बनवतं. ते थांबलं की अमोनिया साचतो, ग्लुटामाइन आटतं, कार्बन स्थिरीकरण मंदावतं आणि उजेडातून आलेली ऊर्जा खर्ची पडायला वाट उरत नाही. मग तयार होणारी क्रियाशील ऑक्सिजन संयुगं पेशींची पटलं फोडतात. पानातला बराचसा अमोनिया प्रकाशश्वसनातून, म्हणजे उजेडातच चालणाऱ्या श्वसनासारख्या क्रियेतून येतो. त्यामुळे उजेड हा या विषाचा अर्धा भाग आहे असं धरूनच चाला. संध्याकाळी लावलेली किंवा ढगाळ आठवड्यात घेतलेली चाचणी आणि सकाळी लावून भरपूर उजेडात ठेवलेली चाचणी यांचे आकडे जुळणार नाहीत.

बार जनुक मूळचं स्ट्रेप्टोमायसिस हायग्रोस्कोपिकस या जिवाणूचं. त्यापासून बनणारं विकर पीपीटीला ॲसिटिल गट जोडून ते निरुपद्रवी करतं. हे काम पेशीरसात होतं, विकर हरितलवकात पोहोचवावं लागत नाही. म्हणून जनुक शाबूत असेल आणि प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) चालू असेल तर संरक्षण चांगलं मिळतं. पण संरक्षण ज्या पेशीत विकर आहे त्या पेशीपुरतंच, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा बराच गुंता यातूनच सुटतो.

आता पानाकडे या. लिंबूवर्गीय पानाची पर्णरंध्रं जवळजवळ सगळी खालच्या बाजूला असतात आणि वरच्या बाजूला जाड, मेणचट थर असतो. जून पानाच्या वरच्या बाजूवर थेंब नुसता बसतो, आकसतो आणि वाळतो. आत फारसं काही जात नाही. तुमची साधी रोपं टिकली ती बहुधा यामुळेच. उलट अगदी कोवळ्या पालवीवरचा मेणाचा थर पातळ असतो. तिथे तणनाशक तर घुसतंच, पण त्याच्या सोबतीला असलेला साबणासारखा घटक, म्हणजे सर्फॅक्टंट, एकटाही पान भाजू शकतो. तुमची पॉझिटिव्ह रोपं करपली त्यातली काही या भाजण्यामुळे करपली असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून पानाचं वय ठरवून घ्या. पूर्ण पसरलेलं, पण रंगाने अजून पूर्ण गडद न झालेलं पान निवडा. हाताने दुमडलं तर ते चामड्यासारखं ताठ लागू नये आणि पालवीसारखं लुळंही पडू नये. शेंड्याकडून मोजून प्रत्येक रोपावर त्याच क्रमांकाचं पान घ्या. ऊतीसंवर्धनातून बाहेर काढलेल्या रोपाच्या पहिल्या पानांवर चाचणी घेऊच नका. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेण नीट धरलेलं नसतं आणि रंध्रंही नीट मिटत नाहीत. रोप बाहेरच्या हवेत रुळल्यावर निदान दुसरी पालवी येऊन ती पिकायला हवी, घाई केली तर चांगली रोपं हातची जातात.

आणखी एक तपासणी सहसा कोणी करत नाही: रोपाची गुणसूत्र पातळी. कॅरिझोच्या बियांतून आपोआप चतुर्गुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी चार संच असलेली) रोपं निघतात आणि ऊतीसंवर्धनातही तशी तयार होतात. त्यांची पानं जाड आणि रुंद असतात, त्यामुळे शोषण वेगळं असतं. फ्लो सायटोमेट्रीने (पेशीतला डीएनए मोजणाऱ्या यंत्राने) एकदा पाहून घ्या. चतुर्गुणित रोप द्विगुणित कंट्रोलशी, म्हणजे तुलनेच्या साध्या रोपाशी, ताडून पाहिलं तर फरक जनुकाचा की पानाच्या जाडीचा, हे सांगता येणार नाही.

द्रावण कसं बनवायचं

बाजारातलं द्रवरूप ग्लुफोसिनेट वेगवेगळ्या तीव्रतेत येतं. बाटलीवर प्रति लिटर २०० ग्रॅम सक्रिय घटक लिहिला असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर घेतल्यावर १,००० मिलिग्रॅम प्रति लिटरचं द्रावण होतं. २८० ग्रॅमची बाटली असेल तर त्याच तीव्रतेला ३.६ मिलिलिटर पुरतात. नोंदवहीत 'अर्धा टक्का' असं कधीच लिहू नका. ते अर्धा टक्का उत्पादन होतं की अर्धा टक्का सक्रिय घटक, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही आणि दोन्हींत कित्येक पटींचा फरक असतो.

दुसरी खोच अशी की पीपीटीचे दोन आरसारूप प्रकार असतात आणि तणनाशक म्हणून त्यातला फक्त एल प्रकार चालतो. नेहमीच्या उत्पादनात आणि बऱ्याच प्रयोगशाळा-पावडरींत दोन्ही निम्मे निम्मे असतात. आता केवळ एल प्रकाराची उत्पादनंही मिळतात. त्यांची तेवढीच मात्रा घेतली तर प्रत्यक्षात दुप्पट होते. लेबल पाहा आणि नोंदीत प्रकार लिहा.

व्यापारी उत्पादन वापरायचं असेल तर त्यातल्या सर्फॅक्टंटचा कंट्रोल लागतो, आणि तो नेमका मिळवणं अवघड असतं, कारण कंपन्या त्यातली इतर द्रव्यं उघड करत नाहीत. म्हणून पानावरच्या चाचणीला शुद्ध पीपीटी पावडर आणि स्वतः घातलेलं ०.१ टक्का ट्वीन २० (एक सर्फॅक्टंट) हीच जोडी बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. महाग पडते, पण 'पान साबणाने भाजलं की औषधाने' हा वाद तिथेच संपतो. व्यापारी उत्पादन ठेवा शेवटच्या टप्प्याला, जेव्हा निवडलेली रोपं प्रत्यक्ष फवारणीला कशी टिकतात ते पाहायचं असेल.

मात्रांची मालिका सक्रिय घटकाच्या हिशेबाने ०, १००, २५०, ५००, १,०००, २,००० आणि ४,००० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी लावा. ० म्हणजे नुसतं पाणी नाही, ट्वीनसह पाणी. नुसत्या पाण्याचा कंट्रोल वेगळा. प्रत्येक मात्रेला किमान ५ साधी रोपं. यातून तुम्हाला दोन आकडे हवे आहेत: जिथे साध्या रोपाचं निम्मं पान जातं ती मात्रा, आणि जिथे साधं रोप एकही अपवाद न करता पूर्ण करपतं ती सर्वांत कमी मात्रा. निवडीसाठी दुसरा आकडा वापरा आणि त्याच्या दुप्पट मात्रेला पक्कं करा. त्याहून वर जायची गरज सहसा नसते. अति जास्त मात्रेला कमी पण खरं विकर असलेली रोपंही हरतात आणि तुम्ही ती नाहक फेकून देता.

पान रंगवण्याची पद्धत

कॅरिझोचं पान त्रिदलीय असतं, पॉन्सिरस या पालकाकडून आलेलं. चाचणीसाठी याहून सोयीची गोष्ट नाही. मधल्या दलाला पीपीटीचं द्रावण, डाव्या दलाला फक्त ट्वीनचं पाणी, उजवं दल कोरडं. एकाच पानावर औषध, साबण आणि निव्वळ कंट्रोल असे तिन्ही मिळतात; वय, उजेड, खत यातला फरकच उरत नाही. मोसंबीचं पान एकदलीय, तिथे मधल्या शिरेच्या एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला ट्वीन लावा. ग्लुफोसिनेट पानात फार दूर वाहत नाही म्हणून हे जमतं. मात्र थेंब शिरेवर सांडू देऊ नका.

मऊ ब्रश किंवा कापसाचा बोळा घ्या, प्रत्येक मात्रेला नवा. आधी खालची बाजू पुसा, मग वरची. पृष्ठभाग एकसारखा ओला दिसला पाहिजे, टोकाला थेंब लोंबता कामा नये. टोकाला जमलेला थेंब वाळताना तीव्र होतो आणि तिथे हमखास काळा डाग पडतो. अनुभवी माणूसही त्या डागाला संवेदनशीलता समजून बसतो. खूण पात्यावर करू नका. लिंबूवर्गीय पानात पातं आणि देठ यांच्या सांध्यावर गळण्याची रेषा असते. इजा झालेलं पातं तिथून गळून पडतं आणि देठ फांदीवर राहतो. खूण पात्यावर असेल तर पात्यासोबत तीही मातीत जाते. रंगीत दोरा किंवा लहान चिठ्ठी फांदीला, पेराच्या खाली बांधा. आणि गळलेलं पातं म्हणजे 'नोंद नाही' असं लिहू नका. गळणं हीसुद्धा इजाच आहे, तिला सर्वांत वरचा गुण द्या.

सकाळी लावा, तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि हवेत दमटपणा असावा. कोरड्या हवेत द्रावण पटकन वाळतं आणि शोषण अडतं. रोपांना आदल्या दिवशी पाणी द्या. तहानलेलं रोप औषध कमी घेतं आणि 'सहनशील' भासतं. पुढचे २४ तास पानावर पाणी पडू देऊ नका.

साध्या रोपाचं दल साधारण असं जातं: दोन-तीन दिवसांत चकाकी जाते आणि पातं पाण्यात भिजल्यासारखं मळकट हिरवं दिसतं. मग शिरांमधला भाग पिवळटतो. आठवडाभरात कडेपासून आत तपकिरी होत जातं आणि हाताला कागदासारखं लागतं. कमी उजेडात हाच क्रम दुप्पट वेळ घेतो. साबणाने भाजलेलं पान वेगळं दिसतं: इजा पहिल्या २४ ते ४८ तासांत येते, डाग ठिपक्यांसारखे आणि कडा स्पष्ट असतात, आणि त्यानंतर ती पसरत नाही. हा फरक डोळ्यात बसवायचा असेल तर पहिल्या दिवसापासून रोज एकाच अंतरावरून, एकाच उजेडात फोटो घ्या.

गुण ० ते ५ असे पुरतात: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे नुसता पिवळटपणा, २ म्हणजे पाव पान करपलं, ३ म्हणजे निम्मं, ४ म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त, ५ म्हणजे पूर्ण करपणं किंवा गळणं. ३, ७, १४ आणि २१व्या दिवशी नोंदवा. गुण देणाऱ्याला कुठलं रोप कुठलं हे कळू देऊ नका. आकडे मांडताना साध्या सरासऱ्यांऐवजी मात्रा-प्रतिसादाची वक्ररेषा बसवा. आर या संगणक-भाषेतलं डीआरसी पॅकेज त्यासाठी सोयीचं आहे. मग 'हे रोप साध्यापेक्षा इतके पट सहनशील' असं एका आकड्यात सांगता येतं.

करपण्याचा आकार बघा

तुमच्या प्रश्नातला खरा गाभा इथे आहे. पीसीआर पॉझिटिव्ह आणि पान करपलेलं, हे चार वेगवेगळ्या कारणांनी घडतं आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

ट्वीन लावलेलं दलही करपलं असेल तर प्रश्न जनुकाचा नाही. पान कोवळं होतं. पुढच्या पालवीवर पुन्हा घ्या.

पान सरसकट, साध्या रोपाच्याच वेगाने करपलं तर पीसीआरवरच संशय घ्या. ॲग्रोबॅक्टेरियम लिंबूवर्गीय ऊतीत महिनोन्‌महिने दडून राहू शकतो, सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक बंद केल्यावर पुन्हा डोकं वर काढतो, आणि पीसीआरला त्याच्या प्लास्मिडवरचं (डीएनएच्या सुट्या कड्यावरचं) बार जनुकही पॉझिटिव्हच दिसतं. यावर उपाय सोपा आहे. टी-डीएनएच्या, म्हणजे झाडात शिरणाऱ्या तुकड्याच्या, बाहेरच्या एखाद्या जनुकाची, उदाहरणार्थ जिवाणूतच राहणाऱ्या व्हीआयआर भागातल्या जनुकाची, त्याच डीएनएवर पीसीआर करा. तीही पॉझिटिव्ह आली तर तुम्ही जिवाणू मोजत आहात. सोबत झाडाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाचीही पीसीआर ठेवा, कारण लिंबूवर्गीय पानात फिनॉल आणि चिकट पॉलिसॅकराइड भरपूर असतात. ते डीएनएसोबत आले की पीसीआर अडते आणि खरं रोप निगेटिव्ह ठरतं. डीएनए काढायच्या सीटीएबी पद्धतीत पीव्हीपी (फिनॉल धरून ठेवणारा पदार्थ) घाला. अंतिम शब्द मात्र सदर्न ब्लॉटचाच, म्हणजे जनुक झाडाच्या डीएनएत खरंच जोडलं गेलंय का हे दाखवणाऱ्या चाचणीचा. तिथे प्रतींची संख्याही कळते.

सदर्न ब्लॉटला जनुक पक्कं दिसतंय आणि तरी पान सरसकट करपतंय, तर जनुक गप्प झालेलं असू शकतं. एकाच रोपात अनेक प्रती, विशेषतः उलटसुलट जोडलेल्या, शिरल्या की झाड त्यांना बंद करतं. प्रमोटरही पाहा. पीकॅम्बिया ३३०१ या वाहकात (जनुक वाहून नेणाऱ्या प्लास्मिडमध्ये) बार जनुक ३५एस प्रमोटरखाली असतं, ते जोरकस. काही जुन्या वाहकांत ते नॉस प्रमोटरखाली असतं आणि पूर्ण वाढलेल्या पानात त्याचा जोर कमी पडतो. अशी रोपं कमी मात्रेला टिकतात आणि वरच्या मात्रेला हरतात, म्हणजे मालिकेत ती मध्येच कुठेतरी बसतात. एकाच मात्रेच्या चाचणीत ही मधली रोपं दिसतच नाहीत.

चौथं कारण मिश्रपेशीय रोप, म्हणजे कायमेरा. माझ्या मते लिंबूवर्गीयात सगळ्यात जास्त फसवणारं हेच. कांडीच्या कापातून निघालेला अंकुर नेहमी एकाच पेशीपासून येतो असं नाही. ऊतीसंवर्धनाच्या माध्यमात शेजारच्या जनुकधारी पेशी पीपीटी मोडून टाकतात, त्यांच्या आडोशाने साध्या पेशीही जगतात आणि दोघी मिळून अंकुर बनवतात. पानाचा पट्टा किंवा पाचरीसारखा भाग करपला, त्याची कड शिरेला धरून सरळ असेल आणि शेजारचा भाग हिरवागार असेल, तर तो कायमेरा समजा. कधी फक्त बाह्यत्वचेच्या थरात जनुक असतं. तेव्हा पीसीआर पॉझिटिव्ह येते, पण आतला सगळा हिरवा गर साधा असल्याने पान पूर्ण करपतं. वाहकात जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असेल तर पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कुठल्या थरात चमक आहे ते लगेच दिसेल.

कायमेरा फेकून द्यायची गरज नाही. न करपलेल्या भागाला लागून असलेल्या पानाच्या बेचक्यातला डोळा काढा आणि नव्या खुंटावर भरा. त्यातून आलेल्या फांदीच्या किमान तीन वेगवेगळ्या पानांवर पुन्हा चाचणी घ्या. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळी पानं एकसारखी टिकली तर रोप शुद्ध मानता येतं. पहिल्याच रोपावर सगळे प्रयोग उरकून निकाल लिहू नका. प्रत्येक घटनेची, म्हणजे जनुक स्वतंत्रपणे शिरलेल्या प्रत्येक मूळ रोपाची, डोळा-कलमाने किमान ५ रोपं करा, मगच मालिका लावा.

पीसीआर निगेटिव्ह असलेलं रोप टिकण्याचं कारण बहुतेक वेळा कमी मात्रा, जून पान किंवा मंद उजेड एवढंच असतं. आणि एक गैरसमज इथेच दूर करतो: रोपात कनामायसिन या प्रतिजैविकासाठीचं एनपीटी२ जनुक असेल तर त्याचा तणनाशकाशी काही संबंध नाही. असं रोप ग्लुफोसिनेटला साध्यासारखंच करपणार. तसंच केवळ जनुकीय बदल केला म्हणून झाड तणनाशकाला जास्त नाजूक होतं असंही नाही. मात्र घातलेल्या जनुकाने वाढ खुंटली असेल किंवा पानाचं मेण बदललं असेल तर शोषण बदलू शकतं.

पान न जाळता तपासायचं असेल

रोपं थोडी असतील तर अमोनिया मोजा. पानातून ६ मिलिमीटरच्या चकत्या काढा, प्रत्येक नळीत ५, पोटॅशियम फॉस्फेटच्या पीएच ५.८च्या ५० मिलिमोलर द्रावणात ०.१ टक्का ट्वीनसह. निम्म्या नळ्यांत १०० मिलिग्रॅम प्रति लिटर पीपीटी, निम्म्या पीपीटीविना. जाड मेणामुळे नुसतं बुडवून भागत नाही. दोन-तीन मिनिटं निर्वात पंपाखाली ठेवा, चकत्या गडद होऊन बुडाल्या की द्रावण आत गेलं. मग ६ ते ८ तास भरपूर उजेडात ठेवा, शेवटी गोठवून वितळवा म्हणजे पेशींतला अमोनिया बाहेर येईल, आणि बर्थेलॉट अभिक्रियेने मोजा: फिनॉल-नायट्रोप्रुसाइड, नंतर अल्कधर्मी हायपोक्लोराइट. निळा रंग ६२५ नॅनोमीटरच्या आसपास वाचा. साध्या रोपात पीपीटीच्या नळीतला अमोनिया स्पष्ट चढतो, जनुक काम करत असेल तर दोन्ही नळ्या जवळपास सारख्या राहतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चकत्या नेहमीच्या एमएस माध्यमात (ऊतीसंवर्धनाच्या प्रमाण पोषक द्रावणात) ठेवणं. त्यात अमोनियम नायट्रेट लिटरला १,६५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे माध्यमच निळं होतं. पानातले फिनॉलही रंग मळवतात, तेव्हा अभिक्रियेविना अर्काचा कोरा नमुना ठेवून तो वजा करा.

विकर ओळखणाऱ्या पट्ट्याही मिळतात. अर्क काढताना पीव्हीपीपी घातलं नाही तर लिंबूवर्गीय पानात त्यांची रेषा फिकट येते किंवा येतच नाही.

निवडीच्या वेळीच चूक झाली असेल तर

इतकी बनावट पॉझिटिव्ह रोपं हाती आली याचं मूळ बहुधा जनुकधारी अंकुर निवडायच्या, पीपीटी घातलेल्या माध्यमात आहे. अंधारात उगवलेल्या रोपांच्या सेंटिमीटरभर कांड्या जिवाणूसोबत दोन-तीन दिवस ठेवल्यावर बऱ्याच प्रयोगशाळा त्या काही आठवडे अंधारातच ठेवतात, कारण कॅलस (अंकुर फुटण्याआधीचा पेशींचा गोळा) चांगला येतो. कनामायसिनच्या निवडीला ते चालतं. पीपीटीच्या बाबतीत अंधारात प्रकाशश्वसन नसल्याने विषाची धार बोथट होते आणि साधे अंकुर निसटतात. अंधाराचा काळ कमी करा किंवा उजेडात आणल्यावर ताज्या पीपीटी माध्यमावर हलवा.

दुसरं, माध्यमात ग्लुटामाइन, केसिन हायड्रोलायझेट किंवा माल्ट एक्स्ट्रॅक्ट आहे का पाहा. विष ज्याची टंचाई करतं तेच ग्लुटामाइन तुम्ही बाहेरून पुरवत असाल तर निवड ढिली पडणारच. पीपीटी ऑटोक्लेव्ह न करता ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून, माध्यम ५० अंशांपर्यंत निवल्यावर घाला.

मात्रा साध्या कांड्यांवर ठरवा: ०, ०.२५, ०.५, १, २, ४ आणि ८ मिलिग्रॅम प्रति लिटर, प्रत्येकी ३० कांड्या, तीन वेळा. चार आठवड्यांनी किती कांड्यांना अंकुर आले ते मोजा. हवी ती मात्रा अशी की अंकुर जवळपास शून्यावर येतात, पण कांडी पहिल्याच आठवड्यात काळी पडत नाही. कांड्या झपाट्याने मेल्या तर त्यांतून सुटणारा अमोनिया आणि फिनॉल शेजारच्या जनुकधारी पेशींनाही मारतात आणि हाती काहीच लागत नाही. दोन वेगळ्या जातींना एकच मात्रा लावू नका. कॅरिझोवर ठरलेला आकडा व्हॅलेन्सियावर पुन्हा तपासावा लागतो.

खुंट आणि इतर तणनाशकं

लिंबूवर्गीय अंकुरांना मुळं सहज फुटत नाहीत, म्हणून ते बाटलीतच साध्या खुंटावर सूक्ष्मकलमाने चढवतात. म्हणजे वरचा भाग जनुकधारी आणि खालचा साधा. ग्लुफोसिनेट फार वाहत नसल्याने पानावरच्या चाचणीत याने बिघडत नाही, पण रोपावर फवारा मारला तर कलमाच्या सांध्याखालची हिरवी साल आणि खुंटाचे फुटवे भाजतात. ती इजा जनुकाच्या माथी मारू नका. फवारणीआधी फुटवे काढा, खुंटाला आवरण गुंडाळा.

ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाच्या बाबतीत हीच गोष्ट गंभीर होते, कारण ते पानातून मुळांकडे आणि वाढत्या शेंड्यांकडे वाहतं. वरच्या भागात सीपी४ हे ग्लायफोसेट सहन करायला लावणारं जनुक असलं तरी साध्या खुंटाची मुळं मार खातात आणि मग सगळं झाड खंगतं. या तणनाशकाची लक्षणंही उशिरा येतात: लावलेलं पान धडधाकट दिसतं आणि काही आठवड्यांनी येणारी पालवी अरुंद, पट्टीसारखी, पिवळट आणि झुबक्याने येते. २१ दिवसांवर नोंद थांबवली तर संवेदनशील झाड सहनशील ठरतं, म्हणून पुढच्या दोन पालव्यांपर्यंत पाहा. सीपी४ विकर हरितलवकात पोहोचायला हवं, म्हणून जनुकाच्या पुढे लवकाकडे नेणारा पेप्टाइड जोडलेला आहे ना, हे रचना मागवतानाच तपासा. झटपट चाचणीसाठी चकत्यांमधलं शिकिमेट मोजा: १० मिलिमोलर अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये ग्लायफोसेटसह १६ तास उजेडात, मग आम्ल, परआयोडेट आणि शेवटी अल्कधर्मी सल्फाइट, वाचन ३८० नॅनोमीटरवर. साध्या पानात शिकिमेट साचतं, सहनशील पानात नाही.

एएलएस या, काही अमिनो आम्लं बनवणाऱ्या विकराच्या जनुकात बेस एडिटिंगने (डीएनएचं एकेक अक्षर बदलण्याच्या तंत्राने) बदल केलेली लिंबूवर्गीय रोपं आता क्लोरसल्फ्युरॉनसारख्या तणनाशकावर निवडली जातात. इथे पानं करपत नाहीत, शेंडा थांबतो, म्हणून पान रंगवणं निरुपयोगी; नव्या वाढीची लांबी मोजा. मात्रा ग्लुफोसिनेटच्या तुलनेत फारच कमी लागते, त्यामुळे नीट न धुतलेलं भांडं पुढची पूर्ण तुकडी बिघडवू शकतं. भांडी वेगळी ठेवा. अशा रोपांच्या कुंडीतली माती पुन्हा वापरू नका. सल्फोनिलयुरिया अल्कधर्मी मातीत लवकर मोडत नाहीत. कुठला बदल झाला यावर सहनशीलता कुठल्या गटाला मिळेल हेही ठरतं. विकरातल्या १९७व्या जागचा प्रोलिन (अमिनो आम्ल) बदलला तर मुख्यतः सल्फोनिलयुरियाला, ६५३व्या जागचा सेरीन बदलला तर इमिडाझोलिनोनला. हे आकडे अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोपाच्या क्रमांकाने आहेत, लिंबूवर्गीय क्रमात ते काही जागांनी सरकतात. निवडीचं तणनाशक आणि घडवलेला बदल एकमेकांना जुळले नाहीत तर खरी बदललेली रोपंही मरतात.

तुमच्या हातातल्या रोपांपुरतं सांगायचं तर करपलेलं एकही पॉझिटिव्ह रोप अजून टाकू नका. आधी व्हीआयआर जनुकाची पीसीआर करा. त्यात जी रोपं स्वच्छ निघतील त्यांचे न करपलेल्या भागालगतचे डोळे भरा, दुसरी पालवी पिकेपर्यंत थांबा आणि तोवर साध्या रोपांवरची मालिका पूर्ण करून ठेवा. फुलं आली तर ती उमलण्याआधी खुडा. लिंबूवर्गीय फुलांवर मधमाश्या फार येतात, आणि रोपं कीटकरोधक जाळीत ठेवायची अट अशा चाचण्यांच्या परवानगीत साधारण असतेच.